बदकाचं हिरवं डोकं फोटोत काळं का येतं, आणि एडिटिंगने त्यातलं किती सुधारतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेले काही महिने तुम्ही बदकांचे अगदी जवळचे पोर्ट्रेट काढताय. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. मॅलार्ड या रानबदकाच्या नराचं हिरवं डोकं फोटोत काळंठिक्कर येतं, पांढऱ्या बदकाची छाती कोऱ्या कागदासारखी सपाट येते, डोळा कधी शार्प तर कधी नाही. हे सगळं एडिटिंगमध्ये सुधारायला गेलं की बदक प्लॅस्टिकचं दिसायला लागतं. मग शार्पनिंगचे आकडे किती ठेवू आणि मॅक्रो लेन्स घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

आकडे देतो, पण शेवटी. कारण तुम्ही पाठवलेले चार फोटो बघून मला असं वाटतं की तुमची अडचण शार्पनिंगची नाहीच. चारही फोटो उभ्याने, वरून खाली बघत काढलेत. चारही वेळा सूर्य बदकाच्या मागे किंवा डोक्यावर आहे, आणि बदक तुमच्यापासून दोन मीटरच्या आत आहे. उजेड कुठून येतोय, कॅमेरा किती उंचीवर आहे आणि अंतर किती आहे, या तीन गोष्टींचं कर्ज तुम्ही स्लायडरने फेडायला बघताय.

आधी डोक्याचं घेऊ, कारण त्यात खरी गंमत आहे. मॅलार्डच्या डोक्यावर हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये केराटिनचा पातळ थर असतो आणि त्याखाली मेलॅनिनचे कण शिस्तीत रचलेले असतात. मेलॅनिन मुळात काळपट-तपकिरी. पण त्या रचनेवरून प्रकाश परत येताना काही तरंगलांबी एकमेकींना बळ देतात, काही मारतात, आणि आपल्याला हिरवा दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच जातीची ही गोष्ट. म्हणजे उजेड आणि तुमची नजर यांच्यातला कोन बदलला की रंगही बदलतो: हिरव्याचा निळसर, निळ्याचा जांभळा, आणि प्रकाश तुमच्याकडे परतच येत नसेल तर निव्वळ काळा. पंखावरचा निळा चमकदार पट्टाही असाच.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. डोकं पेटलेलं हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि आकाशात खाली हवा. सकाळी किंवा संध्याकाळी तुमची लांब सावली बदकाच्या दिशेने पडत असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात. दुपारी बारा वाजता प्रकाश वरून येतो आणि खालीच जातो, तुमच्याकडे येत नाही. त्या काळ्या डोक्यात एडिटिंगने शॅडो उचलल्या की हिरवा सापडणार नाही, कारण तो फाइलमध्ये नोंदलाच गेलेला नाही. सापडेल तो राखाडी दाणेदार चिखल.

कोन बरोबर असला तरी बदक डोकं सतत हलवत असतं, त्यामुळे हा रंग लुकलुकत राहतो. एकाच जागी बसून नुसतं डोळ्यांनी दोन मिनिटं बघा. मान डावीकडे वळली की गाल जांभळा होतो, सरळ झाली की हिरवा पेटतो, पाणी पिऊन चोच वर केली की पूर्ण अंधार. हे एकदा लक्षात आलं की शटर कधी दाबायचं ते आपोआप कळतं. मी पूर्वी धडाधड तीनशे फ्रेम काढून घरी यायचो, आता ऐंशी काढतो आणि कामाच्या जास्त मिळतात.

इथे स्वतःची एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका नराचं डोकं माझ्या फोटोत गर्द जांभळं आलं. मला वाटलं व्हाइट बॅलन्स बिघडलाय. तासभर बसून मी ते ह्यू (रंगाची छटा बदलणाऱ्या) स्लायडरने ‘दुरुस्त’ करून पोपटी हिरवं केलं आणि मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली. घरी आलेल्या एका पक्षीनिरीक्षकाने ती बघितली आणि विचारलं, “याला रंग कुणी दिला?” जांभळा खरा होता, हिरवा माझा होता. तेव्हापासून चमकदार पिसांच्या ह्यूला मी हात लावत नाही.

डोकं काळं दिसायला दरवेळी उजेडच जबाबदार असतो असं नाही, एक मोठा अपवाद ऋतूचा. विणीचा हंगाम संपला की नर आपला झगमगीत पोशाख टाकतो आणि काही महिने जवळजवळ मादीसारखा तपकिरी दिसतो. याच काळात उडण्याची सगळी पिसं एकदम झडतात, त्यामुळे तीन-चार आठवडे त्याला उडताच येत नाही. तुमचा एखादा ‘काळा’ नर या अर्धवट अवस्थेतला असू शकतो: डोक्यावर हिरव्याचे ठिगळ आणि मध्ये तपकिरी. नर-मादीची खात्री करायची तर चोच बघा. नराची पिवळसर-हिरवट एकरंगी राहते, मादीची नारिंगी आणि त्यावर काळपट डाग. आणि उडता न येणाऱ्या पक्ष्याच्या मागे कॅमेरा घेऊन लागू नका, त्याला पळायला जागाच नसते.

आता डोळ्याचा फोकस. तुम्ही लिहिलंय की फोकस डोळ्यावरच होता, तरी चोच धूसर आली. दोन्ही खरं आहे. क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटर, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि २ मीटर अंतर धरलं, तर शार्प दिसणारी जाडी जेमतेम १ सेंटीमीटर भरते. मॅलार्डच्या डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत साधारण ८ सेंटीमीटर असतात. हिशोब कुठून जमणार? एक मीटर मागे सरका आणि एफ/८ करा, तीच जाडी जवळजवळ ३ सेंटीमीटर होते. फ्रेममध्ये डोकं लहान दिसेल, दिसू द्या. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये रुंदीला ६००० पिक्सेल असतात. पोर्ट्रेटसाठी क्रॉप केल्यावर ४००० उरले तरी चांगली प्रिंट निघते. क्लोजअप म्हणजे जवळ जाणं हा समज डोक्यातून काढा. शिवाय मागे सरकल्यावर बदक निवांत होतं, आणि निवांत बदकाचा चेहराच वेगळा असतो.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे मानेचा कोन. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. अगदी बाजूने बघितलं तर जवळचा डोळा चोचीच्या टोकापेक्षा दीड-पावणेदोन सेंटीमीटर तुमच्याकडे पुढे आलेला असतो. आता बदकाने मान किंचित, घड्याळाच्या काट्याने दोन मिनिटं सरकावं इतकीच, तुमच्याकडे वळवली की चोचीचं टोक पुढे येतं आणि डोळा आणि टोक जवळपास एका पातळीत येतात. त्या क्षणी एफ/५.६ सुद्धा पुरतं. दिसायलाही तीच पोझ सगळ्यात चांगली, कारण बदक आपल्याकडे बघतंय असं वाटतं. मान तुमच्यापासून पलीकडे वळलेली असेल तर फोटो कितीही शार्प असो, मी तो ठेवत नाही. समोरून, दोन्ही डोळे दिसतील असा काढायचा असेल तर मात्र तडजोड अटळ आहे: डोळे धरा आणि चोच विरघळू द्या. उलट, चोच शार्प आणि डोळे धूसर, हे फक्त विनोदी फोटोत चालतं.

कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा शोधणारा ऑटोफोकस असेल तर वापरा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. मॅलार्डचा डोळा गडद तपकिरी आणि भोवतीची पिसंही गडद, त्यामुळे ढगाळ उजेडात तो हमखास गालावर किंवा चोचीच्या मुळाशी जाऊन बसतो. थापट्या (शॉव्हलर) बदकाच्या नराचा डोळा पिवळा असतो, तिथे तोच ऑटोफोकस चोख काम करतो. गडद डोळ्यासाठी मी एकच लहान फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवतो आणि कंटिन्युअस मोडमध्ये राहतो. शटर स्पीड शांत बसलेल्या बदकासाठी १/५००, पिसं साफ करत असेल तर १/१०००, पाण्यात उठून पंख झाडायला लागलं तर १/२०००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० झाला तर होऊ द्या. दाणे काढता येतात, हललेला डोळा परत येत नाही.

एक फसवी गोष्ट. काही फ्रेममध्ये डोळा दुधाळ, निळसर, मोतीबिंदू झाल्यासारखा दिसेल. फोकस चुकलेला नसतो, बदक आजारीही नसतं. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, एक पातळ पडदा, जो डोळ्यावरून आडवा सरकतो आणि डोळा ओला ठेवतो. आपल्या डोळ्यांना हे क्वचितच जाणवतं, कॅमेरा मात्र नेमकं तेच पकडतो. म्हणून शांत बसलेल्या बदकाचेही मी तीन-चार सलग फ्रेम घेतो, एक तरी स्वच्छ डोळ्याचा मिळतो.

उंचीबद्दल फार लिहीत नाही, कारण एकदा करून बघितलं की पटतं. झोपा. अक्षरशः पोटावर झोपा, कॅमेरा बदकाच्या डोळ्याच्या रेषेत आणा. स्क्रीन उघडून वर वळणारी असेल तर मान वाचते. खालून काढल्यावर मागची जमीन किंवा पाणी दूर जातं, मऊ होतं, आणि तुम्हाला एडिटिंगमध्ये पार्श्वभूमी धूसर करायची जी हौस आलीय ती आपोआप संपते. फक्त काठ निसरडा असतो, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा.

चमक कापणाऱ्या पोलरायझर फिल्टरबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. पाण्यावरची चमक तो सर्वात जास्त कापतो ती पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन असताना. झोपून काढताना तुमचा कोन जेमतेम पाच-दहा अंशांचा असतो, तिथे त्याचा फारसा प्रभाव पडत नाही, आणि दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड मात्र जातो. ओल्या चोचीवरचा पांढरा डाग कमी व्हायला कधी मदत होते. मी बॅगेत ठेवतो, लावत नाही.

पांढरं बदक हा वेगळाच विषय. इथे “एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमी-जास्त करणं) किती?” याला एकच उत्तर नाही, फ्रेममध्ये पांढरं किती आहे त्यावर ते अवलंबून आहे. कॅमेऱ्याचं मीटर सगळं जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. बदकाने फ्रेम भरली असेल तर ते पांढऱ्याला राखाडी करतं, तिथे साधारण +२/३ ते +१ लागतं. तेच बदक काळपट पाण्यात लहानसं असेल तर मीटर पाण्याला उजळ करायला जातं आणि बदकाची पिसं जळतात, तिथे -२/३ ते -१. तुमचे दोन्ही ‘सपाट छाती’चे फोटो या दुसऱ्या प्रकारचे आहेत. एक चाचणी फोटो काढा, हायलाइटची (जळलेल्या उजळ भागांची) लुकलुकती सूचना चालू ठेवा, छातीवर लुकलुक दिसली की खाली या. आणि रॉमध्येच (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. जेपेगमध्ये गेलेला पांढरा कायमचा गेला, रॉमध्ये थोडा परत मिळतो.

याच बदकांच्या चोचीत अजून एक सापळा आहे. चोच भडक नारिंगी. उन्हात एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल एकटा उजव्या भिंतीला आपटलेला असतो. मग चोचीवरच्या बारीक सुरकुत्या, नाकपुडीची कड, टोकाला असलेला नखासारखा कडक भाग, कडेचे कंगव्यासारखे दाते, सगळं एका नारिंगी डागात बुडतं. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम असतो, तो लावा. पांढऱ्या बदकांसाठी मला पातळ ढगाचा उजेडच आवडतो. म्हणजे हिरव्या डोक्याला जे हवं त्याच्या बरोबर उलट. दोघांना एकाच फेरीत न्याय देता येत नाही. मी सकाळच्या कोवळ्या उन्हात नरांकडे जातो, आणि ढग आले की पांढऱ्यांकडे वळतो.

जवळ जाण्यासाठी ब्रेडचे तुकडे टाकू नका. पोषण जवळजवळ काही नाही, उरलेला ब्रेड पाण्यात कुजतो, आणि फोटोच्या दृष्टीने बघितलं तर सगळी बदकं तुमच्या पायाशी, मान वर करून, चोचीला लगदा लागलेली. त्यापेक्षा विश्रांतीची वेळ साधा. नेचर या नियतकालिकात १९९९ साली मॅलार्डवरचा एक अभ्यास आला होता: ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपतात, आणि तो डोळा बहुधा थव्याच्या बाहेरच्या बाजूचा असतो. अर्धा मेंदू जागा ठेवून पहारा. फोटोग्राफरसाठी याचा अर्थ सरळ आहे: झोपलेल्या ओळीच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूला बसा. पिसांत खुपसलेली चोच, त्यावर उघडा एकच डोळा, आणि बदक हलत नाही. नवख्याला यापेक्षा सोपा आणि सुंदर पोर्ट्रेट मिळणार नाही. बदकाने मान ताठ उंच केली आणि खाणं किंवा पिसं साफ करणं थांबवलं, तर तुम्ही फार जवळ आलात. हलू नका, किंवा सावकाश मागे व्हा.

आता एडिटिंग. स्लायडरची नावं लाइटरूम या सॉफ्टवेअरमधली आहेत. माझा क्रम असा, आणि क्रमाला कारण आहे. आधी व्हाइट बॅलन्स. पांढऱ्या बदकावर आयड्रॉपर (‘हा भाग रंगहीन धर’ असं सांगणारं टूल) टेकवायचा मोह होतो, पण गवतात बसलेल्या बदकाच्या छातीखाली गवताचा हिरवा उजेड पडलेला असतो, आणि सावलीत पाठीवर आकाशाचा निळा. छातीखाली आयड्रॉपर टेकवला तर हिरवा काढण्याच्या नादात सगळा फोटो गुलाबी होतो. त्यापेक्षा अंदाजाने तापमान ठरवा आणि छातीखालच्या हिरव्याला फक्त तिथे ब्रश मारून सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करा. थोडा हिरवा राहिला तर बिघडत नाही, बदक गवतातच बसलंय.

मग हायलाइट खाली, आणि डोक्यासाठी स्वतंत्र मास्क (बदल तेवढ्याच भागावर लागावेत म्हणून केलेली निवड). संपूर्ण फोटोच्या शॅडो उचलू नका, त्याने पार्श्वभूमीतला कचराही उजळतो. डोक्यापुरत्या शॅडो +२० ते +३०, टेक्श्चर +१५ च्या आसपास. क्लॅरिटी मी डोक्याला लावत नाही, ती पिसांना तारेचा ब्रश करते. सॅच्युरेशन शून्यावरच, म्हणजे न बदलता. रंग कमी वाटत असेल तर डीहेझचा किंचित स्पर्श, +५, पुरे.

डोळ्याला एक्स्पोजर +०.३. त्याने बाहुलीभोवतीचं तपकिरी कडं दिसायला लागतं आणि डोळा जिवंत होतो. त्यापुढे गेलात तर बदक भुताचं. डोळ्यातली चमक फोटोत नसेल तर रंगवू नका. ती आकाशाची असते आणि नेमकी कुठे पडते हे हाताने जमत नाही. चोचीवरची वाळू, चिखलाचा ठिपका, एखादं शेवाळ मी पुसतो, पण चोचीवरचा ओरखडा किंवा डाग ठेवतो. तो त्या पक्ष्याचा आहे.

तुमच्या प्लॅस्टिकचं कारण बहुतेक इथे आहे: तुम्ही आधी खूप शार्प करता, त्याने दाणे वर येतात, मग ते मारायला नॉइज रिडक्शन ५०-६० पर्यंत नेता, पिसं पुसली जातात, मग परत शार्प. या चक्रातून बाहेर पडा. नॉइज आधी, आणि पार्श्वभूमीवर जास्त, पक्ष्यावर कमी. लाइटरूममध्ये माझे शार्पनिंगचे आकडे हे: अमाउंट ५०, रेडियस ०.८, डिटेल ३०, मास्किंग ६० ते ७०. मास्किंगचा स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून धरा, पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. डोळ्याची कड, चोचीची कड आणि पिसांच्या रेषा पांढऱ्या राहिल्या आणि मागचं पाणी पूर्ण काळं झालं की थांबा. छातीच्या बारीक पिसांवर कधी इंद्रधनुषी पट्टे दिसले तर तो मॉयरे (बारीक रेषा आणि पिक्सेल यांच्या जाळ्या एकमेकींवर आल्याने उमटणारा खोटा नमुना), तिथे ब्रशने मॉयरे काढा, शार्पनिंग वाढवू नका. शेवटी क्रॉप, मग लहान आकार, आणि सेव्ह करताना एसआरजीबी ही रंगव्यवस्था (कलर स्पेस). अडोबी आरजीबीमध्ये सेव्ह करून टाकलेला फोटो बऱ्याच स्क्रीनवर मळका दिसतो, आणि मग माणूस विनाकारण परत सॅच्युरेशन वाढवायला बसतो.

राहता राहिली मॅक्रो लेन्स. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने आता म्हटली तेवढी फ्रेम भरायची तर बदक १ मीटरवर हवं. १ मीटरवरचं बदक एक तर पाळलेलं असतं, नाहीतर चिडलेलं. वर तितक्याच फ्रेममध्ये १०० मिलिमीटर लेन्स मागची पार्श्वभूमी कितीतरी जास्त आत घेते, म्हणजे काठावरची चप्पल, कागद, कचरा सगळं. तुमची ७०-३०० पुरेशी आहे. तिच्यावर किमान फोकस अंतर लिहिलेलं असेल, बहुतेकदा १ ते दीड मीटरच्या दरम्यान. त्याच्या आत जायची वेळ तुमच्यावर येणारच नाही. फक्त ३०० ला ती किंचित मऊ पडते का ते एफ/५.६ आणि एफ/८ ला एकाच झोपलेल्या बदकावर ताडून बघा, आणि त्या दोन्ही रॉ फाइल, काहीही एडिट न करता, मला पाठवा.